फिक्स्ड गिअर सायकलला मालाची ट्रॉली: कोल्हापूरच्या रस्त्यांसाठी तयारीपासून ब्रेकपर्यंत

फिक्स्ड गिअरच्या सायकलला ट्रॉली लावायची म्हटली की सगळे आधी विचारतात, ‘ओढेल का?’ ओढते. लक्ष्मीपुरीतून पंचवीस किलोचं तांदळाचं पोतं घेऊन दसरा चौकापर्यंत यायला धडधाकट माणसाला फार जोर लावावा लागत नाही. अवघड आहे ते थांबणं. मागचा माल उतारावर आणि ब्रेकच्या वेळी सायकलला पुढे ढकलत राहतो, आणि फिक्स्ड गिअरमध्ये पाय थांबवून नुसतं सोडून देण्याची सोय नसते. म्हणून या लेखात ओढण्याबद्दल थोडं आणि थांबण्याबद्दल भरपूर आहे.

ज्यांनी ही सायकल चालवलेली नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. साध्या सायकलच्या मागच्या चाकात फ्रीव्हील असतं, त्यामुळे पायडल थांबलं तरी चाक फिरतं. फिक्स्डमध्ये दातेरी चकती, म्हणजे कॉग, हबला (चाकाच्या मधल्या भागाला) घट्ट बसवलेली असते. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच. पाय उलटा दाबून वेग कमी करता येतो, पण तो जोर फक्त मागच्या चाकावर आणि तुमच्या गुडघ्यांवर येतो.

सायकल या कामाची आहे का?

मागच्या हबपासून सुरुवात करा. अस्सल फिक्स्ड हबवर आट्यांचे दोन टप्पे असतात. मोठ्या व्यासाच्या आट्यांवर कॉग चढतो आणि त्याच्या बाहेर, लहान व्यासावर, लॉकरिंग, म्हणजे कॉगला अडवून धरणारी रिंग, बसते. लॉकरिंगचे आटे उलटे असतात. त्यामुळे पाय उलटा दाबला आणि कॉग सुटायला लागला, तर तो लॉकरिंगला आणखी घट्टच करतो. ट्रॉली मागे असताना हा उलटा जोर नेहमीपेक्षा बराच जास्त येतो, म्हणून ही एक रिंग तुमचा जीव सांभाळते असं समजा. बसवण्याआधी दोन्ही आटे पुसून ग्रीस लावा, चेन व्हिपने (चेनचा तुकडा लावलेल्या पान्याने) कॉग पूर्ण घट्ट करा, मग हुक पान्याने लॉकरिंग आवळा. सपाटीवर थोडं फिरून चढावर जोर लावा आणि परत आवळा, कारण पहिल्या जोरात कॉग अजून किंचित बसतो.

फ्रीव्हीलला वेल्डिंगचे टाके मारून ‘फिक्स’ केलेली सायकल मात्र ट्रॉलीसाठी पूर्ण बाद. तशा हबला लॉकरिंगची जागाच नसते. उलट्या जोराने सगळं फ्रीव्हील हबवरून सुटून येऊ शकतं, आणि ते सुटणार नेमकं थांबायची गरज असेल तेव्हाच.

आता ब्रेक. पुढचा हातब्रेक असलाच पाहिजे, यावर चर्चा नको. चेन उतरली किंवा तुटली तर पायाचा ब्रेक त्याच क्षणी संपतो. शिवाय मागचं चाक लॉक करून घसरत थांबण्याची जी पद्धत फिक्स्डवाल्यांना आवडते, ती ट्रॉलीसोबत वापरू नका. घसरणाऱ्या चाकाला बाजूची पकड राहत नाही आणि मागून येणारा माल त्याला सरळ आडवा लोटतो. मागचाही हातब्रेक लावता आला तर उत्तम, कारण लांब उतारावर पाय थकतात. फ्रेमला मागच्या ब्रेकचं भोकच नसेल तर माझ्या मते माल दहा-बारा किलोवरच ठेवावा. रिम ॲल्युमिनियमच्या हव्यात. क्रोमच्या लोखंडी रिमवर ओला ब्रेक जवळपास लागतच नाही, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर रिम ओलीच असणार.

टायर २३ मिलिमीटरचे असतील तर बदलून २८ किंवा ३२ चे घाला, फ्रेममध्ये बसतील तेवढे जाड. मागच्या चाकाचे आरे दोन बोटांत जोडीने दाबून बघा. एखादी जोडी ढिली लागली तर आधी चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढून घ्या.

गिअर उतरवा

तयार मिळणाऱ्या फिक्सीवर, म्हणजे फिक्स्ड गिअर सायकलवर, बहुतेक वेळा पुढे ४६ आणि मागे १६ दात असतात. सातशे सीच्या (अशा सायकलच्या नेहमीच्या मापाच्या) चाकाचा घेर साधारण २.१ मीटर धरला तर पायडलच्या एका फेरीत सायकल ६ मीटर जाते. मोकळ्या रस्त्यावर ठीक आहे, पण चाळीस किलो मागे लावून सिग्नलवरून निघताना या गिअरने गुडघे बोलायला लागतात, आणि उलटा दाबून थांबवणं त्याहून कठीण. पुढे ४२ आणि मागे २० केलं की एका फेरीत ४.४ मीटर. मिनिटाला ६० फेऱ्यांना वेग ताशी १६ किलोमीटरच्या आसपास पडतो, आणि ट्रॉलीसह गावात याहून जास्त वेगाने जाण्याचं कारणही नाही.

गिअर हलका केल्याची किंमत उतारावर मोजावी लागते. याच गिअरवर ताशी २५ ला मिनिटाला जवळपास ९५ फेऱ्या होतात, ३५ ला १३०च्या वर. तिथे पाय चाकाला चालवत नाहीत, चाकच पायांना फिरवतं. त्यामुळे उतारावर वेग आधीच धरून ठेवायचा, वाढल्यावर कमी करत बसायचं नाही.

पुढचे दात तेवढेच ठेवून नुसता कॉग मोठा केला की चेन अपुरी पडू शकते. एक-दोन कड्या वाढवायला लागतील. चेनचा ताण असा ठेवा की वरच्या बाजूला मधोमध बोटाने दाबल्यावर ती वर-खाली मिळून सेंटीमीटरभर हलेल. पायडल सावकाश फिरवत चार-पाच जागी बघा, कारण चेनरिंग, म्हणजे पायडलजवळची दातेरी चकती, थोडीफार लंबगोल असतेच आणि एका जागी चेन जास्त ताठ होते. ताण त्या ताठ जागेवर ठरवा. हे बघताना बोटं चेन आणि दातांच्या जवळ नेऊ नका आणि दुसऱ्या कुणाला चाक फिरवायला सांगू नका. फिक्स्डच्या चेनमध्ये बोट गेलं तर चाक थांबत नाही, बोट जातं.

ट्रॉली: उद्यमनगरात काय सांगून बनवायची

तयार ट्रॉली घेतली तर प्रश्न नाही. दोन चाकांच्या सायकल ट्रॉलीवर सहसा ४५ किलोपर्यंतची मर्यादा लिहिलेली असते. पण ज्या गावात शिवाजी उद्यमनगरासारखी कारखान्यांची वसाहत आहे तिथे बनवून घेणंही सोपं आहे. एका चाकाच्या ट्रॉलीकडे जाऊ नका असं मी सांगेन. ती अरुंद असते, गर्दीतून छान निघते, पण तिचा बाजूचा सगळा कल तुमच्या फ्रेमवर येतो आणि मंद वेगात तोल सांभाळणं जड जातं. बाजारात निम्मा वेळ मंद वेगच असतो.

फॅब्रिकेशनवाल्याला तीन गोष्टी नीट समजावून सांगा. पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची: ‘मामा, चाकाचा एक्सेल दोन्ही बाजूंनी धरलेला पाहिजे.’ लहान मुलांच्या सायकलची १६ किंवा २० इंची चाकं वापरली तर त्यांचा एक्सेल दोन्ही टोकांना आधार मिळेल अशा हिशेबाने केलेला असतो. एकाच बाजूने धरला तर काही दिवसांत तो वाकतो आणि चाक आत झुकतं. म्हणून प्रत्येक चाकाच्या आत आणि बाहेर, दोन्हीकडे पट्टी हवी. व्हीलचेअरसारखी जाड एक्सेलची चाकं मिळाली तरच एका बाजूचा आधार चालतो.

दुसरी गोष्ट, दोन चाकांतलं अंतर साठ सेंटीमीटरच्या आसपास आणि एकूण रुंदी पाऊण मीटरच्या आत, म्हणजे साधारण तुमच्या हँडलपेक्षा थोडीच जास्त. त्याहून रुंद केलीत तर पापाची तिकटीच्या गर्दीत अडकून बसाल. तिसरी, मालाचा तळ चाकाच्या एक्सेलच्या पातळीला किंवा त्याच्या खाली ठेवा. चाकावर फळ्या टाकून वर माल, असं करू नका. सांगाड्याला वीस मिलिमीटरचा चौकोनी पाइप पुरतो. पूर्ण लोखंडी पत्र्याचा डबा केला तर रिकामी ट्रॉलीच पंधरा-वीस किलोची होते आणि ते वजन तुम्ही रोज फुकट ओढता.

जोड कुठे आणि कसा

जोड खाली, मागच्या एक्सेलच्या उंचीला, डाव्या बाजूला. सीटच्या दांडीला जोडणं सोपं दिसतं, पण ब्रेक मारल्यावर उंचावरून आलेला धक्का सायकलचा मागचा भाग उचलायला बघतो आणि वळणावर सायकल कलंडवतो. खालून आला तर चाक जमिनीवर राहतं.

एक्सेलवर क्रम असा: फ्रेमचा ड्रॉपआउट (एक्सेल बसतो ती खाच), त्याच्या बाहेर ट्रॉलीच्या जोडाची जाड पट्टी, त्यावर वायसर, मग नट. पट्टीमुळे नटला आटे कमी पडतात. नट पूर्ण बसून एक्सेलचा एखादा आटा तरी बाहेर दिसला पाहिजे. दिसत नसेल तर लांब एक्सेल टाकून घ्या, अर्ध्या आट्यावर कधीही ओढू नका. १५ च्या पान्याने नट आवळताना ३५ न्यूटन मीटर हा आकडा धरा, म्हणजे वीतभर लांब पान्याच्या टोकाला सतरा-अठरा किलोचा दाब. फिक्स्डमध्ये उजव्या बाजूची चेन जोरात खेचली की चाक पुढे तिरकं सरकतं, म्हणून उजव्या बाजूला एक्सेल मागे ओढून धरणारा चेन टाइटनर लावून ठेवा. पंक्चर काढून चाक परत घातलं की ताण, नट आणि जोड पुन्हा सगळं बघायचं.

जोडाला तीन प्रकारे हलता यायला हवं: डावं-उजवं, वर-खाली, आणि स्वतःभोवती पिळ. पिळ विसरला जातो आणि तोच जिवाचा असतो. सायकल आडवी पडली तरी ट्रॉली उभी राहिली पाहिजे. रॉड एंड बेअरिंग (दांडीच्या टोकाला बसणारं, थोडं सगळीकडे हलणारं बेअरिंग) वापरतात लोक, पण ते थोड्याच कोनात हलतं, सायकल पूर्ण आडवी झाली तर अडतं आणि मोडतं. त्याच्यासोबत दांडी स्वतःभोवती फिरेल असा नळीत नळीचा जोड द्या. पिन लावली की तिच्यात क्लिप, आणि याशिवाय एक मजबूत पट्टा ट्रॉलीच्या दांडीपासून सायकलच्या चेनस्टेभोवती, म्हणजे पायडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या दांडीभोवती. पिन निघाली तर ट्रॉली या पट्ट्यावर अडकून राहील, उतारावरून गर्दीत सुटणार नाही.

माल भरणं

ट्रॉली आधी सायकलला जोडा, मग भरा. उतरवताना उलट: आधी माल काढा, मग पिन. भरलेली ट्रॉली सोडली की दांडी उडते किंवा ट्रॉली मागे बसते. फिक्सीला स्टँड नसतो, म्हणून सायकल भिंतीला टेकवा आणि पुढच्या ब्रेकच्या लिव्हरवर जाड रबर अडकवून ब्रेक दाबलेलाच ठेवा.

वजन चाकांच्या रेषेच्या किंचित पुढे. मोजायची सोपी रीत: भरलेल्या ट्रॉलीची दांडी जोडाच्या उंचीला घरच्या वजनकाट्यावर टेकवा. तीस किलोच्या मालाला काट्यावर दोन-तीन किलो दिसले पाहिजेत. शून्य किंवा त्याहून कमी, म्हणजे दांडी वर उचलली जात असेल, तर वेगात ट्रॉली शेपटीसारखी डोलायला लागते. खूप जास्त असेल तर सगळा भार मागच्या चाकावर आणि आऱ्यांवर.

जड तळाला, हलकं वर. गुळाचे रवे, धान्याची पोती हा या बाबतीत चांगला माल, जागा कमी आणि वजन खाली. दुधाचे कॅन किंवा पाण्याचे जार एकतर पूर्ण भरलेले न्या नाहीतर रिकामे. अर्ध्या भरलेल्या कॅनमधलं दूध तुम्ही थांबलात की पुढे धावतं आणि वळलात की बाहेरच्या बाजूला. दोरीची टोकं गाठ मारून आत खोचा. लोंबती दोरी, ओढणी, पँटची मोरी, काहीही चेनमध्ये गेलं की फिक्स्डमध्ये पाय थांबवून सोडवता येत नाही.

किती माल? सपाट रस्ता, दोन हातब्रेक, सरावलेला चालक असेल तर ट्रॉलीच्या वजनाशिवाय तीस किलोपर्यंत. ट्रॉलीवर ४५ लिहिलेलं असलं तरी ते ट्रॉलीचं बळ झालं, तुमच्या ब्रेकचं नव्हे.

मैदानावर सराव

तपोवन किंवा मेरी वेदर मैदानासारखी मोकळी जागा सकाळी लवकर गाठा. आधी रिकामी ट्रॉली, मग दहा किलो, मग वीस. प्रत्येक टप्प्यावर थांबणं, वळणं आणि निघणं हे तिन्ही जमल्याशिवाय पुढचं वजन घालू नका.

थांबण्याचा हिशेब बघा. तुम्ही आणि सायकल मिळून ८० किलो, ट्रॉली आणि माल ४०. ब्रेकचा जोर तोच राहिला तर थांबायला दीडपट अंतर लागतं. ताशी १८ किलोमीटरवर एरवी चार-सव्वाचार मीटरमध्ये थांबणारी सायकल आता सहा मीटरच्या पुढे जाते. त्यात तुमच्या लक्षात येऊन बोट लिव्हरवर जाईपर्यंतचे चार-पाच मीटर वेगळेच. मैदानावर खडूने किंवा चुन्याने रेषा मारून हे अंतर स्वतः बघा. डोळ्याने बघितलेलं अंतर रस्त्यावर आपोआप आठवतं.

ब्रेकचा क्रम: आधी सायकल सरळ करा. मग पायांनी उलटा दाब आणि मागचा ब्रेक हलका, म्हणजे ट्रॉली मागे सरळ रेषेत येते. त्यानंतर पुढचा ब्रेक हळूहळू वाढवत न्यायचा. वळणात असताना जोरात ब्रेक नको. गळिताच्या हंगामात उतारावर ट्रॅक्टरने वळता वळता ब्रेक मारला की उसाची ट्रॉली त्याला कशी आडवी रेटते ते आपण सगळ्यांनी बघितलंय. इथेही तेच होतं: ट्रॉली तिच्या स्वतःच्या दिशेने ढकलते, सायकलचं मागचं चाक वळणाच्या बाहेर फेकलं जातं आणि दोन्ही कात्रीसारखं मिटतं.

वळणाचा वेगही मोजून घ्या. दोन चाकांची ट्रॉली सायकलसारखी आत झुकत नाही, ती उभीच राहते आणि उलटते. चार मीटर त्रिज्येच्या वळणात, म्हणजे साध्या चौकातल्या डाव्या वळणात, ताशी १८ च्या वेगाला बाहेर लोटणारं बळ वजनाच्या साठ टक्क्यांच्या वर जातं. साठ सेंटीमीटर रुंदीची, थोडा उंच माल भरलेली ट्रॉली तिथे आतलं चाक उचलते. वेग निम्मा केला की बळ चौथ्या हिश्श्यावर येतं. म्हणून वळणात ताशी नऊ-दहा, चालण्याच्या दुप्पट वेगाने. आणि ट्रॉलीचं आतलं चाक सायकलच्या वाटेच्या आतून जातं, तेव्हा फुटपाथच्या कडेपासून हात-दीड हात जास्त सोडून वळा. फिक्स्डमध्ये वळताना पायडल फिरत राहतं, ते जमिनीला घासू नये म्हणूनही वेग कमीच हवा.

सिग्नलवर उभं राहताना

याबद्दल कुणी सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. फिक्स्डमध्ये थांबल्यावर पायडल निघण्याच्या जागी नसेल तर आपण सीट धरून मागचं चाक उचलतो आणि पायडल फिरवून घेतो. ट्रॉली जोडलेली असताना चाक उचलणं नीट जमत नाही. मागे ढकलून बघावं तर ट्रॉली लगेच दुमडते. राहतं ते पुढे ढकलणं, आणि ४.४ मीटरच्या गिअरवर पायडलचा पाव फेरा घ्यायला सायकल मीटरपेक्षा जास्त पुढे न्यावी लागते. दसरा चौकात पुढे केएमटीची बस उभी असताना तेवढी जागा कुठून आणणार?

म्हणून थांबता थांबताच पायडल जागेवर आणा. शेवटचे दोन-तीन मीटर हातब्रेकने वेग अगदी मंद करा, उजवा पाय घड्याळाच्या दोनच्या जागी येतोय असं बघा आणि तिथे ब्रेक पूर्ण धरून डावा पाय खाली टेका. पुढच्या वाहनापासून दीड-दोन मीटर सोडून थांबण्याची सवय लावली तर चुकलं तरी सावरायला वाव राहतो. पायांना पट्टे हवेतच, नाहीतर उतारावर पाय सुटून पायडल पोटऱ्यांवर बसतं. पण रुंद वेल्क्रोचे पट्टे लावा आणि गावात थोडे सैल ठेवा, पाय झटकन निघाला पाहिजे. निघताना जोराने उभं राहून दाबू नका. बसून, सावकाश, ट्रॉलीची दांडी ताणली गेल्याचं जाणवलं की मग जोर.

रस्त्यावर

रस्ता लांबचा पण सपाट आणि रुंद निवडा. महाद्वार रोडवर गर्दीच्या वेळी ट्रॉली नेण्यात अर्थ नाही, नवरात्रात तर नाहीच. कपिलतीर्थ मंडईचा माल सकाळी लवकर उचलला तर निम्मा त्रास वाचतो. स्पीडब्रेकरवर तिरकं जाऊ नका, दोन्ही चाकं एकदम चढली पाहिजेत; एक चाक वर आणि एक खाली असताना उलटायला फार थोडं बळ पुरतं. फिक्स्डमध्ये पायडल आडवं धरून उभं राहता येत नाही, त्यामुळे धक्का गिळायला वेग कमी करणं हाच उपाय. खड्डा बघताना आपल्या चाकासाठी नव्हे, ट्रॉलीच्या डाव्या आणि उजव्या चाकासाठी बघा.

चढाचं गणित: १२० किलो एकूण वजन आणि शेकडा चारचा चढ असेल तर नुसता चढ तुम्हाला पावणेपाच किलोच्या बळाने मागे ओढतो. नाही जमलं तर उतरून ढकला, त्यात कमीपणा नाही. उताराला सुरू होण्याआधीच ताशी पंधराच्या खाली या आणि दोन्ही ब्रेक आलटून पालटून दाबत खाली उतरा.

जोतिबा आणि पन्हाळ्याच्या घाटात फिक्स्ड गिअरवर ट्रॉली नेऊ नका. लांब उतारावर पाय थकणार, रिम तापणार आणि मागून चाळीस किलो रेटत राहणार. हबच्या दुसऱ्या बाजूला फ्रीव्हीलचे आटे असतील तर चाक फिरवून फ्रीव्हील वापरता येतं, पण तेव्हाही दोन चांगले हातब्रेक आणि हलका माल हवाच.

मागून येणाऱ्याला ट्रॉली दिसत नाही, कारण ती त्याच्या नजरेच्या खाली असते. दीड मीटरची काठी आणि तिला भगवा किंवा नारंगी झेंडा लावा. तुमचा मागचा लाल दिवा मालाने झाकला जातो, म्हणून दुसरा दिवा ट्रॉलीलाच, आणि मागच्या दोन्ही कोपऱ्यांना लाल परावर्तक पट्ट्या, म्हणजे रुंदी कळते.

पावसात माल निम्मा करा. ओल्या रिमवर पहिली फेरी-दोन फेऱ्या ब्रेक फक्त पाणी पुसतो, म्हणून गरजेच्या आधीच हलका दाबून रिम कोरडी करत चला. पांढरे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर आणलेला चिखल यांवर ब्रेक आणि वळण दोन्ही टाळा. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे निघाली असेल तेव्हा सखल भागातून ट्रॉली नेऊच नका. पाण्याखालचा खड्डा दिसत नाही आणि वाहत्या पाण्यात बाजूने जोर लागतो तो ट्रॉलीच्या पूर्ण लांबीवर.

देखभाल

नवीन जोडणीनंतर पहिल्याच किलोमीटरला थांबून दोन्ही नट आणि पिन बघा. त्यानंतर निघण्याआधी दर वेळी: नट, पिन, पट्टा, लॉकरिंग हाताने हलते का, ब्रेकची केबल लिव्हरजवळ उसवली आहे का, ट्रॉलीच्या दोन्ही टायरमध्ये हवा सारखी आहे का. एका टायरमध्ये कमी असेल तर ट्रॉली सतत त्या बाजूला ओढते आणि तुम्ही हँडलला दोष देता. आठवड्याला एकदा जोडाच्या वेल्डिंगवर कापड फिरवून केसासारखी चीर दिसते का ते उजेडात बघा. दिसली तर वरून पुन्हा टाका मारून चालवू नका. तो तुकडा कापून नवा लावा, कारण चिरेवर मारलेला टाका तिथूनच परत उघडतो. चेन आणि कॉग नेहमीपेक्षा लवकर झिजतात. कॉगचे दात एका बाजूला कललेले दिसायला लागले की दोन्ही एकदम बदला. नव्या चेनला जुना कॉग लवकर खातो आणि झिजलेल्या दातांवरून चेन उतरण्याची शक्यता वाढते.